अध्यक्षांमार्फत

केतननं टेबल ओढून भिंतीला लावलं आणि खुर्च्या गोल मांडायला घेतल्या. मच्छीमार सोसायटीचा नवा चेअरमन तो, आणि ही त्याची पहिलीच सभा. वेणूबाई दारातच थांबली. म्हणाली, पंगत हाय का सभा?

"सभाच, मावशी. पण ते अध्यक्ष महाराज, सन्माननीय सभासद, सगळं आता बंद. आपलीच माणसं आपण. ज्याला जे बोलायचंय ते सरळ एकमेकांना बोला, अर्ध्या तासात मोकळे."

तरुण पोरं खूश झाली. म्हातारे मात्र खुर्चीच्या पाठी धरून उभेच राहिले. इतकी वर्षं रांगेत बसून फक्त चेअरमनकडं बघायची सवय, आता एकमेकांची तोंडं बघत बसायचं म्हणजे कसं तरीच. केतनचा बाप सदा दाराजवळ बसला, आणि गोलामुळं त्याच्या बरोबर समोर आला त्याचा थोरला भाऊ दत्तात्रेय. दोघांनीही नजर वर पंख्याला लावली.

ही सन्माननीयाची रीत हिराजी तांडेलानं आणलेली. सोसायटीच्या डिझेलच्या कामाला तो एकदा मुंबईला गेला होता, तिथं कुणीतरी त्याला विधानसभेच्या गॅलरीत नेऊन बसवलं. परत आला तो खुळावूनच. दिसेल त्याला धरून सांगायचा, अरे, ती माणसंपण आपल्यासारखीच भांडतात, पण समोरच्याला तू म्हणत न्हायत. सगळं अध्यक्षाला सांगतात, वर सन्माननीय म्हणतात. चेअरमन झाल्यावर त्यानं आपल्याकडंही तेच सुरू केलं. काका, मामा, दीर, जाऊ सगळी नाती दाराबाहेर. जो चुकेल त्यानं सगळ्यांना चहा वाटायचा.

सुरुवातीला हसून हसून लोकांची पोटं दुखली. वेणूबाई एकदा भर सभेत आपल्याच नवऱ्याबद्दल म्हणाली, अध्यक्ष महाराज, सन्माननीय सभासद काल बर्फ आणायला गेले ते वाटेत ताडीला थांबले, घरी नुसतं पाणी आलं. हिराजीनं चेहऱ्यावरची रेघ हलू न देता विचारलं, सन्माननीय सभासदांना काही खुलासा करायचाय का? नवरा उठला, न्हाय म्हणाला, बसला. आता हिराजी नाही, वेणूबाईचा नवराही नाही. पण हिराजीच्या मागून आलेल्या कुणी ती रीत मोडली नव्हती.

सदा आणि दत्तात्रेय यांचं फाटलं ते बापाच्या होडीवरून. दत्तात्रेयानं ती विकली, सदाला विचारलं नाही. तुझा उंबरा चढणार न्हाय असं दोघांनीही म्हटलं आणि दोघांनीही पाळलं. बंदरावर समोरासमोर आले तर एकजण वाट बदलायचा. सभेत मात्र दत्तात्रेय उठायचा आणि म्हणायचा, अध्यक्ष महाराज, सन्माननीय सभासदांच्या होडीचा पाण्यातला पंखा वाजतोय, वेळेवर बघून घ्यायला सांगा. पुढच्या सभेत सदा उठायचा, अध्यक्ष महाराज, सन्माननीय सभासदांना दिवसाढवळ्या माणूस ओळखू येत न्हाय, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यावं अशी सूचना हाय. हिराजी दोघांचं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि सूचना पोचवायचा. दत्तात्रेयानं ऑपरेशन करून घेतलं. सदानं पंखा बदलला. बाकीच्यांना सगळं कळायचं, पण त्यावर कुणी कधी हसलं नाही. केतन एवढी वर्षं उरणला कंटेनरच्या गाड्यांवर होता. घरातलं भांडण त्याला ठाऊक होतं, सभेतलं हे बोलणं कुठून ठाऊक असणार?

आणि आता सदाच्या मुलीचं, प्राप्तीचं लग्न आलं होतं. परवा मांडव. मांडवाची पहिली मेढ थोरल्या चुलत्यानं रोवायची, ही त्यांच्या घरातली चाल. पत्रिका केतनच्या बायकोनं नेऊन दिली होती, पण मेढीसाठी पोरीच्या बापानं स्वतःच्या तोंडानं बोलवावं लागतं. सदा तेवढ्यासाठीच आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

बर्फाच्या मशीनचं झालं, जेट्टीवरच्या दिव्याचं झालं. सगळे एकदम बोलत होते आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. शेवटी केतननं विचारलं, आणखी कुणाचं काही?

सदा उठला. शर्टाची खालची गुंडी चाचपली.

"अध्यक्ष महाराज."

पोरं हसली. केतनही हसला.

"बाबा, केतन हाय मी. काय ते सरळ बोल ना. कुणाशी बोलायचंय?"

सदानं समोर बघितलं.  काय न्हाय, म्हणाला आणि खाली बसला. केतननं सभा संपली म्हणून सांगितलं. खुर्च्या सरकायला लागल्या.

तेवढ्यात दत्तात्रेय गुडघ्यावर हात दाबून उभा राहिला.

"अध्यक्ष महाराज, सन्माननीय सभासदांचं बोलणं पुरं झालेलं न्हाय. त्यांना बोलू द्यावं."

आता कुणी हसलं नाही. उठलेले परत बसले. वेणूबाईनं केतनकडं असं काही बघितलं की त्याचं हसू जागेवर जिरलं. तो बापाकडं बघत राहिला, मग काकाकडं. मग पाठ सरळ केली.

"सन्माननीय सभासदांनी बोलावं."

सदा परत उठला.

"अध्यक्ष महाराज, परवा सकाळी आमच्या दारात मेढ रोवायची हाय. सन्माननीय सभासदांना सवड हाय का, तेवढं विचारा."

दत्तात्रेयानंही तोंड केतनकडंच ठेवलं.

"अध्यक्ष महाराज, सवड हाय. पण खड्डा उद्याच खणून ठेवायला सांगा. आमची कंबर आता वाकत न्हाय."

सदाला ते ऐकू गेलंच होतं. तरी तो उभाच राहिला, केतनकडं तोंड करून, वाट बघत. केतनला आधी कळेना. मग त्यानं घसा खाकरला आणि काकाचं बोलणं पहिल्यापासून बापाला सांगायला घेतलं, कंबरेसकट. सदा एकेका शब्दाला मान हलवत ऐकत होता.