खांबाशेजारची जागा

यासोकिचीने वाळत घातलेल्या कागदांतला एक ओढला आणि मिनेगिशी गुरुजींच्या हातात दिला. कान्दा पेठेतल्या गल्लीतला त्याचा छापखाना म्हणजे एवढीच एक खोली. चुलीवर कातड्याचा सरस शिजत होता, आणि त्या वासाने खिडकीतली मांजरसुद्धा उठून गेली होती.

गुरुजींनी कागद दाराच्या उजेडात धरला. चित्र त्यांचेच असायला हवे होते: नोह नाटकातल्या बुडालेल्या कोळिणीच्या भूमिकेत, मुखवट्यासह.

"लाल छान उतरलाय," ते म्हणाले. "वस्त्राच्या घेराला असाच हवा. जरा दुखरा."

यासोकिची बोलायला गेला आणि थांबला. घाईत त्याने भलताच कागद दिला होता. पांढऱ्या बाहीवरच्या लाटा उठतात का, हे पाहायला रंगाशिवाय नुसता ठसा दाबलेला. त्यावर लाल सोडाच, काळी रेघही नव्हती.

"हो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी मुद्दाम घोटलाय."

आठ दिवसांनी गुरुजी ही भूमिका शेवटची करणार होते. नटांच्या घराण्यात हे डोळ्यांचे कळले असते तर ती दुसऱ्याला गेली असती. आणि न कळले, तर रंगमंच कमरेएवढा उंच, कठडा नाही, खाली गोटे. मुखवट्याच्या भोकांतून डोळसालाही फारसे दिसत नाही. पुढच्या कोपऱ्यातला खांब दिसला की थांबायचे, एवढाच काय तो आधार.

गुरुजींची बोटे कागदावरून फिरली आणि लाटांपाशी अडखळली.

"बाही एवढी वर नसते. कोळीण थांबते तिथे ती खाली येते." मग त्यांनी बोटे पुन्हा एकदा कागदभर फिरवली. "कागद कोरा आहे ना रे?"

"हो, गुरुजी."

"कुणाला सांगशील?"

"माझं ऐकतो कोण? घरात बायको ऐकत नाही."

गुरुजी हसले. कागद त्यांनी नीट परत दिला.

"नाटकाला ये. खांबाशेजारची जागा तुझ्यासाठी ठेवतो." उंबऱ्याशी ते वळले. "आणि न्हाऊन येऊ नकोस."

नाटकाच्या दिवशी ओत्सुने, त्याची बायको, नवा किमोनो घेऊन दारात उभी राहिली.

"अहो, बड्या लोकांत बसायचंय. अंगाला मेल्या घोड्याचा वास येतोय तुमच्या."

"येऊ दे," यासोकिची म्हणाला आणि सरसाने कडक झालेला कामाचा अंगरखाच त्याने चढवला. चार दिवस तो न्हाला नव्हता. बायको कपाळाला हात लावून आत गेली.

खांबाशेजारी तो बसला तसा बाजूचा तांदळाचा व्यापारी पंख्याने नाक झाकून सरकला. बासरी सुरू झाली. दुपारचे ऊन लाकडावर पाण्यासारखे पसरले होते, आणि त्या पाण्यातून कोळीण चालत आली, इतकी हळू, की ती येते आहे की आपणच तिच्याकडे वाहत जातो आहोत, हे यासोकिचीला उमगेना. कडेला चार पावले उरली. मग तीन. मग दोन. त्याने श्वास रोखला.

मुखवटा किंचित वर उचलला गेला, वाऱ्यावरचा वास घ्यावा तसा. पाऊल थांबले.

मग पांढरी बाही खाली आली. नेमकी किती, ते यासोकिचीने नीट पाहून घेतले.