नवल मिस्तरींचा कान

"वाजी ऱ्हायनं," उषाबाई म्हणाल्या.

"काय?"

"इंजन. तवावर फुटाना फुटतस तसं."

नवल मिस्तरींना हसूच आलं. धुळ्याच्या एसटी वर्कशॉपात त्यांनी चौतीस वर्षं नुसत्या कानानं इंजिनं तपासली होती, आणि आता स्वयंपाकघरातली बायको त्यांना आवाज सांगत होती!

"सरितानी माय, तू माले इंजन शिकाडस का?"

दोघं गाडीत होते, मिस्तरी चालवत होते. मेची दुपार, खिडक्या बंद, एसी चालू. फागणं गाव मागे पडलं होतं. गाडी जावयाची होती. हितेंद्र आठवड्यापूर्वी ती धुळ्यात देवपूरला सासऱ्यांच्या दारात ठेवून रेल्वेनं कामाला गेला होता, आणि आज ती जळगावला त्याच्या घरी पोचवायची होती. फोनवर तो दोनदा म्हणाला होता, "मामा, पेट्रोल मात्र प्रीमियमच टाका. या इंजिनाला साधं चालत नाही."

मिस्तरींनी साधंच टाकलं होतं. पैशाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न अकलेचा होता. पंपावरच्या बेबाबाईनं टाकीच्या झाकणामागचं लिहिलेलं बोट ठेवून दाखवलं, तरी हे म्हणाले, "लिखू दे. आमना डेपोमा एकच टाकी व्हती, बठ्ठ्या गाड्या तेच पियेत." इंजिन कुरकुरलंच, तर सगळ्यात आधी आपल्याला कळेल, एवढी त्यांना खात्री होती.

पुढच्या उड्डाणपुलाच्या चढावर उषाबाई पुन्हा म्हणाल्या, "देखा, वाजनं."

आता मात्र मिस्तरी चिडले. पूल उतरल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. इंजिन शहाण्या पोरासारखं चालत होतं. "ऐक, काय वाजस?"

"आते नही वाजत," उषाबाई म्हणाल्या. "तुम्ही पाय दाबतस तवय वाजस."

मिस्तरींनी बॉनेट सावकाश खाली सोडलं. ताण आला की वाजायचं आणि उभ्या गाडीत गप्प व्हायचं, हा चुकीच्या पेट्रोलचाच आवाज. उषाबाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. मग त्यांना ते कळलं कुठून?

गाडी पुन्हा निघाली. "डोया मिची ले," मिस्तरी म्हणाले. "वाजनं का सांग, बंद पडनं का सांग."

उषाबाईंनी डोळे मिटले. रस्ता मोकळा होता. मिस्तरींनी वरच्या गिअरमध्ये पाय दाबला.

"वाजनं."

पाय उचलला.

"बंद."

पुन्हा दाबला. त्यांनी श्वास रोखला, मान पुढे काढली, एसीही बंद केला. टायरची घरघर ऐकू येत होती, वारा ऐकू येत होता.

"वाजनं," उषाबाई म्हणाल्या.

सहा वेळा त्यांनी फसवायला पाहिलं, मध्येच दाबून, मध्येच सोडून. सहाही वेळा बाई बरोबर निघाल्या. गाडीतला घामट उकाडा अंगाला चिकटत होता आणि मिस्तरींना एकच कळत होतं, की आवाज आहे आणि आपल्याला तो ऐकू येत नाही. किती दिवसांपासून नाही, हे कुणी सांगायचं?

"जवाईनी गाडी बिघडी का हो?" उषाबाईंनी डोळे उघडून विचारलं.

पण मिस्तरी गाडीचा विचारच करत नव्हते. निवृत्त झाल्यावरही ट्रॅव्हल्सवाल्या प्रकाशच्या गॅरेजात 'नाना' म्हणून त्यांचा मान होता. लांबच्या फेरीला निघणारी बस नाना ऐकायचे, मान हलवायचे, मगच ती सुटायची. आज सकाळीच सुरतेला जाणारी बस त्यांच्यासमोर उभी होती. तिथला मेकॅनिक वना म्हणाला होता, "नाना, मागच्या चाकातून बारीक किणकिण येतेय. बेअरिंग उघडून बघू का?" नानांनी त्याला सगळ्यांसमोर झाडला होता. "तुझ्या कानात मळ साचलाय. जाऊ दे गाडी."

त्यांनी मुकटीच्या अलीकडे एका बाभळीखाली गाडी थांबवली. घड्याळात सव्वातीन झाले होते. बस चारला सुटायची. एक फोन केला की उद्यापासून गॅरेजात कुणी खुर्ची पुढे करणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. खुर्ची म्हणजे काय, सकाळी आंघोळ करून निघायला तेवढंच एक ठिकाण उरलं होतं. फोन नाही केला, तर चाळीस माणसं त्याच बसमध्ये बसून जाणार. त्यांनी फोन काढला, खिशात ठेवला, परत काढला.

"प्रकाश, सुरतेची गाडी सोडू नको."

"का नाना? पॅसेंजर यायला लागलेत. सकाळी तुम्हीच तर पास केली."

"वनाला सांग, मागचं बेअरिंग उघड. तो म्हणाला तसं."

"तुम्हाला काही ऐकू आलं होतं का?"

"नाही," मिस्तरी म्हणाले. मग त्यांनी पुढचं सांगितलं. "ऐकू येत नाही मला, प्रकाश. इथून पुढे गाड्या वनाला ऐकू दे."

पलीकडे प्रकाश काहीतरी बोलत होता, नाना असं काय, नाना तब्येत बरी आहे ना. मिस्तरींनी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. उषाबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी नुसतीच हातात धरली.

"जवाईले काय सांगशात?" उषाबाईंनी विचारलं.

"खरं शे ते."

जळगाव अजून साठ-सत्तर किलोमीटर होतं आणि टाकी साध्या पेट्रोलनं गच्च भरलेली होती. मिस्तरींनी गाडी रस्त्यावर घेतली आणि सवयीनं पाय दाबला. उषाबाईंनी न सांगताच डोळे मिटले होते.

"आते वाजस," त्या हळूच म्हणाल्या.

मिस्तरींनी पाय उचलला.