वालाच्या पानावरची शिदोरी

माझी भाची मनाली स्नेहाच्या हातचं खायची नाही. तिची आई वारल्यावर माझ्या भावाने, बुद्धभूषणने, दुसरं लग्न केल्यापासून पोरगी बिस्किटांवर आणि शेजारून मी नेलेल्या डब्यावर जगत होती. भाऊ मूग गिळून गप्प. स्नेहा रोज निगुतीने रांधायची आणि पोरीच्या वाट्याचंही स्वतःच संपवायची. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. माणसाने इतकं गरीब असू नये.

मनालीचा सगळा जीव एका डबीत होता. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची कॉलनी. तिथे कुंपणावरच्या वालावर बारीक, गोलसर, झाडाचा रस पिणारे ढेकूण असतात. त्यांची अंडी असलेलं पान तिने डबीत जपलं होतं. शेतकरी ज्यांना फवारून मारतो, त्यांच्या बारशाची आम्ही वाट बघत होतो.

एके सकाळी स्नेहाला अंड्यांखाली तपकिरी कण दिसले. घाण समजून तिने ते ओल्या कापसाने हळूच काढले. पिल्लं निघाली ती नुसती भिरभिरत राहिली, डबीत ठेवलेल्या शेंगेवर एकही टिकेना. काय केलं ते स्नेहाने स्वतःच सांगितलं. मनाली डबी घेऊन माझ्याकडे आली. मागोमाग स्नेहा, दारातच थांबलेली.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. म्हटलं, बाळा, ते कण म्हणजे आईने ठेवलेली शिदोरी. त्यात तिच्या पोटातले जिवाणू असतात. नुसत्या रसावर पिल्लं वाढत नाहीत. रसात जे नसतं ते हे जिवाणू पोटात राहून पुरवतात. म्हणून पिल्लू आधी शिदोरी चोखतं, मगच स्वस्थ बसतं.

"पण यांची आई तर गेली," मनाली म्हणाली आणि रडू लागली. मी तिला जवळ घेतलं.

"ताई, दुसऱ्या आईची चालेल?" स्नेहाने दारातून विचारलं.

"चालते. तिच्या पोरांना पुरून उरते."

स्नेहा अनवाणीच वालाकडे धावली. पानन् पान उलटून तिने अंड्यांचं एक पान आणलं. मनालीने पिल्लं त्यावर सोडली. हळूहळू ती कणांपाशी थांबली, सोंडा लावल्या आणि एकमेकांना चिकटून बसली. दोघी डोक्याला डोकं लावून बघत होत्या.

दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा स्नेहा जेवत होती. मनाली तिच्याशेजारी जाऊन बसली. स्नेहा घाईघाईने दुसरं ताट आणायला उठू लागली.

"राहू दे काकू," मनाली म्हणाली, आणि तिच्या ताटातली उष्टी भाकरी उचलून खाऊ लागली.

डबा मी तसाच परत नेला. भाजी चांगली जमली होती, पण वाईट मुळीच वाटलं नाही.