परक्यांचे घोडे

तराज शहरातल्या आयसाउलेने दोन मैत्रिणींना घेऊन चार वर्षं खपून एक गेम उभा केला. पाया परदेशी गेमचा होता, जुना, सरदारांचा आणि किल्ल्यांचा. वर मात्र सगळं यांचं. किल्ले जाऊन माळरान आलं, सरदार जाऊन उंटाघोड्यांचा तांडा आला. तांड्याच्या म्हाताऱ्या म्होरक्याला आवाज दिला तिच्या वडिलांनी, सापारगालींनी. ते नाटकातून निवृत्त झाले होते, पण घसा अजून खणखणीत होता.

गेम फुकट वाटायचा होता. अट एकच, मूळ गेम खेळणाऱ्याने विकत घेतलेला असावा. नसेल तर हा उघडतच नसे.

सापारगालींनी हमामातल्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरातल्या, सगळ्या दोस्तांना माझा आवाज ऐका म्हणून सांगून ठेवलं होतं. गेम बाहेर पडल्यावर चार दिवसांनी ते तोंड पाडून घरी आले. दोस्तांकडे मूळ गेमच्या चोरीच्याच प्रती होत्या, कुणाचाच उघडला नाही. वर त्यांच्यातल्या केनेसने टोमणा मारला होता, की तुझी पोरगी जेवायला बोलावते आणि दाराला कुलूप घालते.

"काढून टाक ना ते कुलूप," ते म्हणाले. "एका संध्याकाळचं काम आहे, तूच म्हणालीस."

"काम सोपं आहे, कोके." वडिलांना ती कोके म्हणायची. "पण मी शब्द दिलाय मूळ गेमवाल्यांना."

"ते कुठे बघायला येतायत?"

आयसाउले म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात ना, माझ्या पोरीचे घोडे बघा कसे धावतात? ते घोडे माझे नाहीत. खोगीर माझं, रंग माझा. धावणं त्यांचं. बर्फ पडतो तोही त्यांचाच."

सापारगालींना हे लागलं. बशीतले तळलेले बाउरसाक तसेच टाकून ते उठले आणि दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या लोकांचा गेम घेऊन दे मला. बघू तरी."

तिने घेऊन दिला. आता कोके आपला तांडा चालवणार, म्हणून ती खुशीत होती. पण आठवडा उलटला तरी म्हातारा किल्ल्याच्या वेढ्यातच अडकलेला. हमामालाही जाईना. केनेस विचारायला आला, तर त्यालाही शेजारी बसवून घेतलं. जाताना केनेस हळूच विचारून गेला, हा विकत कुठे मिळतो.

आयसाउलेला थोडं वाईटच वाटलं. चार वर्षं तिने राबायचं आणि बापाने परक्यांच्या किल्ल्याला वेढा घालून बसायचं. ती दुधाचा चहा घेऊन गेली.

"कोके, माझा कधी खेळणार?"

"हा बुरूज पडू दे गं. ज्यांनी हे केलं ती माणसं नेक दिसतात. त्यांना लिही माझा सलाम."

तिने चहा त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "उजवीकडून जा, तिकडे पहारा कमी आहे."