वहिनींनी सिस्टीम बदलली

शिक्क्यांच्या त्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते. एकावर पत्रं, बिलं आणि शिक्क्यांचे नमुने. दुसऱ्याला रबर कोरणारं यंत्र जोडलेलं. यंत्र सुरू झालं की जळक्या रबराचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. नवरा गेल्यापासून दुकान वहिनीच ओढत होत्या. धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणायचे, ते ऐकून गिऱ्हाईकंही वहिनीच म्हणू लागली होती.

एका सकाळी दोन्ही पडद्यांवर सूचना झळकली: या सिस्टीमला यापुढे अपडेट मिळणार नाहीत. चौकात कॉम्प्युटरचं दुकान असलेले दीर दुपारीच हजर झाले.

"दोन्ही डबे भंगारात काढा, वहिनी. याच कंपनीची नवी सिस्टीम यांच्यावर चढणारच नाही."

"चालताहेत की चांगले."

"आज चालताहेत. उद्या काही शिरलं आत, की बसाल डोक्याला हात लावून."

तेवढी भीती खरी होती, हे वहिनींनाही कळत होतं. पण धडधाकट वस्तू फेकून देणं त्यांना पटत नव्हतं. "मग यांच्यावर ती दुसरी सिस्टीम घालते, फुकट मिळते ती," त्या म्हणाल्या.

भावजी हसले. "ती इंजिनियर लोकांची. तुमचं काम नाही ते."

हे शेवटचं वाक्य मात्र वहिनींना झोंबलं. कोरायचं यंत्र घेतलं तेव्हाही ते अगदी असंच बोलले होते. "बघू," एवढंच म्हणून त्यांनी समोरच्या शिक्क्याला मूठ बसवली.

प्रयोगशाळेचे शिक्के न्यायला शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आल्या, तेव्हा वहिनींनी सहज विषय काढला. त्या बाई गेली चार वर्षं तीच सिस्टीम वापरत होत्या. म्हणाल्या, "घाईनं काही पुसू नका. आधी दिवसभरात कॉम्प्युटरवर काय काय करता ते लिहून काढा. मग पेनड्राइव्हवरून ही फुकटची सिस्टीम नुसती चालवून बघा, आतल्या कशाला धक्का लागत नाही. लिहिलेलं एकेक काम जमतंय का ते तपासा. आणि फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा."

वहिनींनी लिहिलं. चौदा कामं निघाली. आपण इतकं काही करतो हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. आठवडाभर त्या दुकान उघडल्यावर पहिला तासभर पेनड्राइव्ह लावून बसायच्या. प्रिंटर आपोआप ओळखला गेला. पत्रं उघडली. चित्रांच्या प्रोग्रॅमला दुसरं नाव होतं आणि बटणं भलत्याच जागी, पण दोन दिवसांत हात बसला. कोरायचं यंत्र मात्र काही केल्या ओळख दाखवेना. शाळेतल्या बाईंनीही प्रयत्न करून पाहिले. यंत्राच्या कंपनीनं या सिस्टीमसाठी प्रोग्रॅमच केलेला नव्हता.

नेमके त्याच वेळी भावजी आत आले. "मी म्हटलं नव्हतं?"

वहिनींनी कामांची यादी पुढे ओढली. मग त्यांनी कागदावरच्या तेरा कामांपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि चौदाव्याभोवती गोल काढला.

"तेरा होतात," त्या म्हणाल्या. "एका कामासाठी तेरा कामांचा बळी कशाला देऊ? पहिल्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम. यंत्राचा आहे तसाच राहील, फक्त त्याची इंटरनेटची वायर काढून टाकते. बाहेरचं वारंच लागलं नाही तर आजार कुठून येणार?"

"पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर नाचत बसणार?"

"नाचेन. आणि तो पेनड्राइव्ह फक्त या दोघांतच फिरेल, बाहेरचा एकही नाही. माझे पाय आहेत, भावजी, तुम्हाला का दुखतात?"

त्याच संध्याकाळी त्यांनी जुनी सिस्टीम पुसली. फायलींच्या दोन्ही प्रती उघडून पाहिल्या आणि मगच बटण दाबलं.

खरा तमाशा झाला तो घरातल्याच माणसाचा. मामंजी, म्हणजे त्यांचे सासरे, गल्ल्यावर बसून शिक्क्यांवरचं शुद्धलेखन तपासायचे आणि पत्रं टाइप करायचे. दुसऱ्या दिवशी 'क' दाबला तर पडद्यावर भलतंच अक्षर उमटलं.

"माझी अक्षरं चोरली," ते म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. "टाइपरायटरपासूनचा चाळीस वर्षांचा हात आहे माझा. मी आता शिकणार नाही."

"शिकू नका," वहिनी म्हणाल्या. "सिस्टीमलाच तुमचा हात शिकवू." सेटिंग शोधायला दीड तास गेला. मध्ये एकदा पडद्यावरचं सगळंच परक्या भाषेत गेलं, ते परत आणताना घाम फुटला. अखेर 'क' जागेवर आला. मामंजींनी सबंध पान टाइप केलं, वाचलं आणि एवढंच म्हणाले, "यातली एक वेलांटी चुकलीय. ती माझीच."

महिन्याभरात बातमी पसरली. शिवणकामवाल्या आल्या, पुस्तकं बांधणारे आले. सगळ्यांचे कॉम्प्युटर जुने, सगळ्यांना तीच सूचना आलेली. वहिनी प्रत्येकाला आधी कामांची यादी करायला लावायच्या. एका नकाशे काढणाऱ्याची यादी वाचून त्यांनी सरळ सांगितलं, "तुमची निम्मी कामं इकडं होणार नाहीत. तुम्ही नवाच घ्या, भावजींकडे जा."

तरीही भावजी चिडून आले. "वहिनी, घरचंच माणूस माझं गिऱ्हाईक तोडतंय."

"काल नकाशेवाल्याला मीच पाठवलं. आला होता ना?"

"आला," ते चाचरले. "पण बाकीचे?"

"बाकीच्यांचे चांगले चालताहेत. कचऱ्यात टाका म्हणून मी सांगणार नाही. तुम्ही सांगितलंत तर मी त्यांना नको म्हणेन, आणि तुमच्या तोंडावर म्हणेन."

मामंजींनी मान वर केली नाही, पण त्यांचं टाइप करणं थांबलं होतं. भावजींनी एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. दारात पुस्तकं बांधणारा काखेत कॉम्प्युटर धरून ताटकळत उभा होता. वहिनींनी टेबलावरचं रबर बाजूला सारलं.

"या आत," त्या त्याला म्हणाल्या. "यादी आणलीय का?"