आतून निळा हातमोजा

मी एक जुना पांढरा हातमोजा आहे, मित्रांनो, उजव्या हाताचा. मऊ कातड्याचा, कोपरापर्यंत लांब, मनगटाशी मोत्याच्या गुंड्या. शेवटचा टाका पडला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "हा देशाच्या अध्यक्षांच्या घरी चालला बरं!" मी केवढा फुगलो होतो!

अध्यक्षांच्या पत्नी अल्मीराबाई मेजवानीला मला घालत. पाहुणे रांगेने येत, मला दाबत, झुकून पुढे जात. मला वाटलं होतं, मी शोभेचा. पण पहिल्याच दिवशी त्यांची मोलकरीण ड्रुसिला पुटपुटली होती, "बाईसाहेब, बोटं बघा तुमची! लिंबानंसुद्धा निघेना ही शाई."

"म्हणून तर हा हातमोजा," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष वाचून दाखवत ती सारी भाषणं बाई लिहीत. सूतगिरणीत राबणाऱ्या पोरांवरचं भाषण लिहायला त्या स्वतः गिरण्या हिंडून आल्या. ते इतकं गाजलं, की विरोधकांनीही उभं राहून टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "अल्मीरा, आज मेजवानीत सगळ्यांदेखत तुझं नाव घेतो. शब्द दिला."

संध्याकाळी एका म्हाताऱ्या सेनेटरने विषय काढलाच. "अध्यक्षमहाराज, त्या पोरांच्या सोललेल्या बोटांचं वर्णन! कुठून सुचतं हो?"

बाईंचा डावा हात माझ्याकडे आला. एक गुंडी सुटली, दुसरी सुटली. मी ओळखलं, आज निळी बोटं उजेडात येणार.

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. "सुचतं झालं पहाटे."

"बाईसाहेबांची मदत होत असेल?"

"हिची? ही फुलं फार सुरेख मांडते हो!"

केवढे हसले सगळे! बाईही हसल्या. हसत हसतच त्यांनी माझ्या दोन्ही गुंड्या पुन्हा लावल्या. आत बोटं गार पडली होती, ते एकट्या मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भाषणाचं कौतुक अध्यक्षांच्या वाट्याला आलं, पोशाखाच्या झालरीचं बाईंच्या.

आता मी संग्रहालयात आहे. बाईंचा रेशमी पोशाख एका बिनडोक्याच्या पुतळ्यावर चढवलाय, शेजारी मी. बायका काचेला नाक लावून म्हणतात, "अगं, किती नाजूक हात! कधी काम पडलंच नसेल."

मित्रांनो, तुम्ही माझी धूळ झटकता, मला ऊन लागू देत नाही. उपकार आहेत. पण अशी जपणूक करून काय मिळवलंत? माझ्या बोटांत आतून अजून शाई आहे. एकदा ही काच उघडा, आणि मला उलटा करा.