अंगठ्याने खेळणाऱ्यांनी अन्यत्र सोय पाहावी

मित्रांनो, माझं वय पस्तिशीच्या पुढे, जात कॅरम बोर्डाची आणि मुक्काम हडपसरला, दिगंबररावांच्या घरी. एका कोपऱ्याची जाळी फाटलीय, मधला गोल पुसट झालाय, पण पाठ अजून सरळ आहे. जुन्या वस्तूंना स्वतःचं कौतुक सांगायची खोड असते. मी मात्र घडलं तेवढंच सांगणार आहे.

रविवार पेठेतल्या एका कारागिरानं मला घडवलं. दिगंबरराव तेव्हा कंपनीत नवे नवे लागले होते. त्यांनी मला सायकलवर घालून आणलं, आणि त्यांचे दोस्त कासिमभाई मला मागून दोन्ही हातांनी धरून चालत आले. दोघं एकाच कंपनीत, एकाच पाळीत. मग काय, रविवारची सकाळ माझी. दिगंबररावांच्या तर्जनीची टिचकी अशी होती, की बघणारा चहा प्यायचा विसरायचा.

त्यांना एका गोष्टीची भारी चीड. अंगठ्यानं मारणं! आणि कासिमभाई तर मुळात अंगठ्यानंच खेळणारे. शेवटी दिगंबररावांनी माझ्या चौकटीवर ऑइलपेंटनं पाटीच लिहिली: ‘अंगठ्याने खेळणाऱ्यांनी अन्यत्र सोय पाहावी.’ पुण्यात एकदा पाटी लागली की लागली. कासिमभाई हसले आणि पुढची तीस वर्षं बोटानं खेळले.

अलीकडे सगळे मोबाइलमध्ये गुंतले आणि मी कपाटामागे गेलो. दिगंबररावांच्या बायकोनं, आनंदीताईंनी, एका उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळवल्या. वाईट वाटलं का? वाटलं. पण निदान ऊन तरी मिळालं.

गेल्या ऑगस्टमध्ये दिगंबररावांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं, बोलणं सावरलं. उजवा हात तेवढा रुसून बसला. डॉक्टरांनी बजावलं, “पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत. हात वापरा, नाहीतर तो कायमचा असाच राहील.” व्यायामाला एक मऊ चेंडू दिला. दिगंबररावांनी चेंडू खणात टाकला आणि हात शालीखाली लपवला. कासिमभाई रोज यायचे, क्रिकेटवर बोलायचे आणि हाताकडे न बघता निघून जायचे.

वीस डिसेंबरला दिगंबररावांची लेक अपूर्वा सुट्टीला आली. ती भोपाळला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तिला फोनवर ‘बाबांचं बीपी वाढलंय’ एवढंच सांगितलं होतं. पहिल्याच जेवणाला तिनं पाहिलं, की आई बाबांना आमटीभात कालवून देतेय आणि बाबा डाव्या हातात चमचा धरून जेवताहेत.

“चार महिने, आई? मला कुणी सांगणार होतं की नाही?” ती म्हणाली. सुट्टी बारा दिवसांची होती. तेवढ्यात बाबांचा हात शालीबाहेर काढायचाच, असं तिनं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कपाटामागून ओढलं.

कासिमभाईंना बोलावणं गेलं. दिगंबरराव नको नको म्हणत बसले आणि डाव्या हातानं खेळायला लागले. स्ट्रायकर भलतीकडेच जायचा. आणि तिथे कासिमभाई चुकले, मित्रांनो. जाळीच्या तोंडाशी असलेली सोंगटी त्यांनी मुद्दाम सोडली. मग दुसरी सोडली. केलं प्रेमापोटीच, पण टिचकी खरी की खोटी हे लाकडालाही कळतं.

“कासिम, ही सोंगटी तू झोपेतसुद्धा घालशील,” दिगंबरराव म्हणाले. “उपकार करायला आला असशील, तर चहा पी आणि नीघ.”

कासिमभाई चहा न पिताच जिना उतरले. चार दिवस फिरकले नाहीत. शाल पुन्हा हातावर आली आणि सुट्टीतले दिवस मात्र भराभर संपत होते.

मग अपूर्वाचा शाळेपासूनचा मित्र आमोद तिला न्यायला आला. खराडीला सगळी गँग जमणार होती. तिचं मन लागेना, म्हणून तोही थांबला आणि दोघं माझ्यावर खेळत बसले. आमोद बिनधास्त अंगठ्यानं मारत होता.

आतून दिगंबरराव बाहेर आले. “पाटी वाचता येते ना?”

“पुसट झालीय, काका. आणि अंगठ्यानं कंट्रोल भारी येतो.”

“कंट्रोल जिभेवर असला तरी पुष्कळ झालं.”

बोलता बोलता त्यांची शाल घसरली होती. अपूर्वा एकटक बघत राहिली. “बाबा, तुझा अंगठा हलतोय.”

त्यांनी घाईघाईनं शाल ओढली. “या घरात अंगठा चालत नाही.”

“मग दुसरं काय चालतंय या घरात?” एवढं बोलून ती पहिल्यांदा रडली. तिनं डोळे पुसले आणि कासिमभाईंना फोन लावला.

कासिमभाई आले ते थेट माझ्यासमोर बसले. “दिग्या, तीस वर्षं तुझी पाटी पाळली. आज पाळणार नाही.” आणि त्यांनी अंगठा लावला. काय सांगू तुम्हाला, तीस वर्षं दाबून ठेवलेला खेळ होता तो! एकामागून एक सोंगट्या जाळीत. दिगंबररावांची एकही पडली नाही.

“नील,” कासिमभाई म्हणाले. “अपूर्वा, पुन्हा मांड.”

दिगंबररावांचं नाक लाल झालं. त्यांनी शाल बाजूला टाकली. उजवा हात डाव्यानं उचलून माझ्यावर ठेवला. किती जड होता तो, आणि किती थरथरत होता. त्यांनी अंगठा लावला. स्ट्रायकर वीतभर सरकला आणि थांबला.

कुणीही शाब्बास म्हणालं नाही. कासिमभाईंनी आपला स्ट्रायकर मांडला आणि पुढची सोंगटी घातली.

दुसऱ्या दिवशी अपूर्वा पाटी खरवडायला निघाली. दिगंबरराव म्हणाले, “पाटी राहील. खाली लिही, ‘मालक वगळून.’”

“आणि माझं काय?” कासिमभाईंनी विचारलं.

“तू अन्यत्र सोय पाहा,” असं म्हणत दिगंबररावांनी त्यांच्यापुढे सोंगट्या सरकवल्या.

मग रोज डाव रंगला. कधी अंगठा ऐकायचा, कधी अजिबात नाही. खणातला चेंडू बाहेर आला. एकतीस तारखेला संध्याकाळी खराडीची गँग इथेच जमली आणि दिगंबरराव त्या सगळ्यांकडून हरले. हरताना प्रत्येकाला टोमणा मारायला मात्र विसरले नाहीत.

एक तारखेला सकाळी खाली गाडी आली. डाव मध्यावर होता. अपूर्वा पाया पडायला वाकली. दिगंबररावांनी उजवा हात उचलला. डाव्याचा आधार न घेता, सावकाश, खांदा थरथरेपर्यंत. तो तिच्या डोक्यावर टेकला. हाताला लागलेली माझ्यावरची बोरिक पावडर केसांत सांडली. आनंदीताई झटकायला पुढे झाल्या.

“राहू दे, आई,” ती म्हणाली आणि तशीच जिना उतरली.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, खेळून झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, एवढी विनंती तर आहेच. पण तुमच्या घरात कुणाचा हात अडला असेल, पाय अडला असेल, तर त्याच्यासाठी खोटं हरू नका. समोर बसा आणि जीव तोडून खेळा. तो चिडेल, तुम्हाला बोलेल. बोलू द्या. उठून मात्र जाऊ नका.